गुलमहालचा हसलेला दरवान

वालूरच्या बाजारात धुरपताबाई दिसली की भाजीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. मेथीची जुडी ती सोडून बघणार, आत गवत निघालं तर चारचौघांत दाखवणार, आणि नाही निघालं तर "आज कामून न्हाई?" म्हणून भाजीवालीच्या तोंडाकडं बघत राहणार. पोलिओचा डोस पाजायला बाई आली, तर नातवाच्या आधी तिनं त्या बाईलाच दोन थेंब घ्यायला लावले. देवळातला प्रसाद आधी नाकाशी नेईल, मग तोंडाशी. सून भक्ती नवीन होती तेव्हा त्या बिचारीला वाटायचं, आपल्यातच काही खोट आहे. पुढं कळलं की आत्याच्या, म्हणजे सासूच्या, शकातून सूर्यसुद्धा सुटत नाही. ढगाळ दिवशी त्या "आज ह्यो गेला कुठं?" असं विचारतात, तेही त्याची काहीतरी भानगड असल्यासारखं.

आणि ह्या सगळ्या शकाचं मूळ रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतं. मुंजाजी. धुरपताबाईचा नवरा. उंच, ताठ, सत्तरीकडं झुकला तरी पाठीत बाक नाही. पण तोंडावरची माशी हलेल तर शपथ! लेक राजेश्री सासरी निघाली तेव्हा सगळी गल्ली रडली, हा बाबा बैलगाडीजवळ नुसता उभा. म्हैस व्याली, भाऊ निवडणुकीत पडला, नातू झाला, चेहरा तोच. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीशी भांडण, आणि धुरपताबाईनं ते भांडण तीसएक वर्षं नेटानं चालवलं. तिच्या चिकाटीचं कौतुकच करायला पाहिजे. दुसरी असती तर कधीच दमली असती.

जन्मतः ती अशी नव्हती बरं का. शेजारची कडूबाई, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, शपथेवर सांगते, "धुरपता लय हसरी होती. हसायला लागली की तिला पानी पाजावं लागायचं." मग झालं काय? झाली हैदराबादची सहल.

मुंजाजी तरुणपणी पूर्ण्याला रेल्वेच्या ठेकेदाराकडं खडी टाकायचा. त्याच ठेकेदाराच्या ओळखीनं तो हैदराबादला गेला. तिथं शहराबाहेर गुलमहाल नावाची करमणुकीची मोठी बाग होती. राजा-महाराजांच्या थाटाची. मोठाल्या कमानी, आकाशपाळणा, हत्तीच्या तोंडाची छोटी आगगाडी, राक्षसाच्या जबड्यातून बाहेर येणारी घसरगुंडी, आरशांचा महाल. आता ती बंद पडून लय दिवस झाले, तिथं इमारती उठल्यात. पण त्या काळी लांबलांबची माणसं गुलमहाल बघायला जायची. मुंजाजी घरी सांगायचा, "बागेत गेटावर ऱ्हातो." एवढंच. दिवाळीला यायचा, पोळ्याला यायचा, परत जायचा. धुरपता पदरात तोंड लपवून त्याला सेलूच्या गाडीपर्यंत वाटेला लावायची.

एका हिवाळ्यात महिला मंडळाच्या बायकांनी हैदराबादची सहल काढली. धुरपतानं मुंजाजीला कळवलं नाही. अचानक समोर जाऊन उभं राहायचं, त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, हा तिचा बेत. दोन्ही लेकरं सासूपाशी ठेवली, डब्यात धपाटे घेतले, आणि सेलूहून रात्रीच्या गाडीनं सगळ्या निघाल्या. रस्ताभर बायकांनी तिला छळलं.

गुलमहालच्या गेटावर पोचल्यावर नवऱ्याला विचारायचं कसं, हा प्रश्न आला. कारण धुरपता नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, ते शेवटचं. मतदार यादीवाला आला तरी शेजारणीला पुढं करते. तिच्या आईनं शिकवलं होतं की बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, आणि बाकी सगळ्या जगावर शक घेणाऱ्या धुरपतानं ह्या एका गोष्टीवर कधी शक घेतला नाही. तेव्हा कडूबाईच पुढं झाली. म्हणाली, "मुंजाजी हाय का? वालूरचा? ह्या बाईचा मालक."

गेटवाल्यानं दुसऱ्या गेटवाल्याकडं बघितलं. दोघांनी माना हलवल्या. "इस नाम का कोई नई यहाँ, अम्मा. कभी बी नई था."

धुरपताला बायकांसमोर तोंड काळं झाल्यासारखं वाटलं. बाकीच्या बायका तिकिटं काढून आत शिरल्या, तिलाही ओढून नेलं. पण पुढं तिथं काय बघितलं ते तिला धड आठवत नाही. पुतळे ढिगानं होते. बायका पुतळ्यांना हात लावून खिदळत होत्या, ही आपली मागं मागं, डोळे भरलेले. पाळण्यात बसली नाही, आगगाडीत बसली नाही. मनात एकच पाल चुकचुकत होती. हा माणूस इथं नाही, तर मग आहे कुठं?

महिनाभरानं मुंजाजी बोचकं घेऊन कायमचा घरी आला.

"कामून आलाव?"

"मन लागंना."

"मी आल्ते तिथं, बायकायसंगं. त्या दिवशी तुमी कुठं होता?"

"तिथंच."

"गेटवाला म्हनला ह्या नावाचा कोनी न्हाई!"

मुंजाजीनं ताटावरून हात काढला, पाणी प्यायला, आणि गप्प बसला. इथून पुढं तो ह्या विषयावर जो गप्प बसला, तो बसलाच. ताकास तूर लागू दिली नाही. आता तुम्हीच सांगा, कुठली बाई ह्यातून काय अर्थ काढील? धुरपतानंही तोच काढला. ह्याचं तिकडं दुसरं घर होतं. बागेचं नाव सांगून हा कुठल्यातरी बाईच्या उंबऱ्यात बसला होता, आणि तिनं हाकलल्यावर घरी आला. त्या बाईचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, तरी धुरपतानं तिला मनातल्या मनात नाक-डोळे दिले, दागिने घातले, आणि रोज शिव्याही घातल्या. नवऱ्याला दोन वेळा ताट वाढलं, आजारपण काढलं, लेकरांची लग्नं लावली. पण तो जेवत असताना त्याच्याजवळ बसली नाही. एकदाही नाही. आणि जो माणूस घरातच खोटं बोलतो, त्याच्यानंतर भाजीवालीवर तरी भरवसा का ठेवावा?

हे असं चाललं होतं. मग यंदा होळीच्या आसपास गुलमहालचे फोटो आले.

आले म्हणजे मोबाइलवर. हैदराबादच्या कुणा हौशी पोरांनी जुन्या गुलमहालचे फोटो जमवून टाकायला सुरुवात केली होती. ज्याच्या घरी जे असतील ते. लोक बघून हळहळत होते, आपलं लहानपण आठवत होते. त्यातले काही फोटो फिरत फिरत परभणीच्या एका ग्रुपवर आले, कारण त्यांच्याखाली लिहिलं होतं, "परभणीवाला महाराजा. कोणी ओळखतं का?"

भक्ती दुपारी ते बघत बसली होती. फोटो जुने, रंग उडून नारिंगी पडलेले. आकाशपाळण्यातून हात हलवणाऱ्या मुली. हत्तीच्या गाडीत बसलेला गॉगलवाला नवरदेव. राक्षसाच्या जबड्यात रडणारं पोरगं. आणि फोटोमागून फोटो, एका दरवानाचे. कमानीखाली उभा, डोक्याला भलामोठा फेटा, गालापर्यंत मिशा, हातात भाला, आणि अंगभर, तोंडभर चंदेरी रंग. जराही न हलता. लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे, पोरं त्याला गुदगुल्या करतायत, आणि तो पुतळ्यासारखा समोर बघतोय. एक फोटो होता, त्यात दरवान भिंतीला टेकून जेवत होता. फेटा काढलेला, मिशा बाजूला ठेवलेल्या, तोंडाचा रंग पुसलेला.

भक्ती ओरडली, "आत्या! हे बघा, हे तर आमच्या मालकासारखेच दिसायलेत!" मालक म्हणजे तिचा नवरा परमेश्वर, मुंजाजीचा लेक.

धुरपताबाईनं आधी मोबाइलवरच शक घेतला. आजकाल कुणाच्याही धडाला कुणाचंही मुंडकं लावतात, हे तिनं ऐकलं होतं. मग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. भाकरी अशी मधोमध मोडून डाव्या हातात धरणारा माणूस तिनं आयुष्यभर बघितला होता.

ती ओट्यावर गेली. मोबाइल मुंजाजीच्या तोंडासमोर धरला. "ह्ये कोन?"

मुंजाजीनं लय वेळ बघितलं. "मी."

आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, चार वाक्यं एकामागून एक बोलला. तो गेटावर राहायचा म्हणजे गेटाच्या आत, कमानीखाली, पुतळा होऊन उभा राहायचा. तेच काम. उंची बघून मालकानं ठेवला होता. हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. त्याला जो हसवील त्याला आकाशपाळण्याची एक फेरी फुकट. तिथं सगळे त्याला महाराजा म्हणायचे, नाहीतर जिल्ह्यावरून परभणीवाला. मुंजाजी हे नाव गेटवाल्यांना ठाऊकच नव्हतं.

धुरपताबाईनं फोटो परत बघितला. म्हणजे दुसरं घर नव्हतं? म्हणजे हा खरंच तिथं होता? छातीवरचा धोंडा थोडा हलल्यासारखा झाला. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि ती काहीतरी बरं बोलणार, अगदी बोलणारच होती, तेवढ्यात भक्तीनं पुढचा फोटो सरकवला. ह्या सुनेला वेळकाळ कळत नाही, हे धुरपताबाईचं म्हणणं त्या दिवशी तरी खरं होतं.

फोटोत तोच दरवान. पण तोंड उघडलेलं, दात दिसतायत, गाल वर चढलेले. समोर एक बाई उभी. तिची फक्त पाठ दिसत होती. डोक्यावरून पदर, गडद रंगाचं लुगडं, हातात पिशवी. बाजूनं बांगड्या भरलेला आणखी एक हात आलेला, बाकी गर्दी. खाली वहीदभाई नावाच्या, गुलमहालमधल्या जुन्या फोटोवाल्यानं हिंदीत लिहिलं होतं. भक्तीनं वाचून अर्थ सांगितला, "आमचा बुत, म्हणजे पुतळा, सगळ्या जिंदगीत एकदाच हसला. एक औरत आली, तिनं त्याचं नाव घेतलं. मुंजाजी म्हनली, अन् बुत हसला."

धुरपताबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नाव घेतलं? नाव घेऊन हाक मारली? गेटवाल्याला नाव मालूम न्हाई, मालकाला मालूम न्हाई, अन् हिला मालूम? मी एवढ्या वर्सात ह्यांचं नाव जिभेवर येऊ दिलं न्हाई, अन् ही कोन सटवी नाव घेनारी? अन् माझ्या लेकीच्या लग्नात न हसलेलं तोंड हिला बघून बत्तीशी दाखवायलंय!" मग नवऱ्याकडं वळून, "कोन हाय ही?"

मुंजाजीनं फोटो बघितला, आणि त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला. दगडी.

"कोन हाय, सांगा!"

"ऱ्हाऊ दे आता."

'ऱ्हाऊ दे' म्हणजे आहे, हे तर शेंबडं पोरही सांगेल! धुरपताबाईनं भक्तीला त्या वहीदभाईचा नंबर काढायला लावला. तो मिळालाही. समोरून थकलेला, गोड आवाज आला. दरवानाचं घर सापडलं म्हणून म्हातारा हरखून गेला होता.

"हौ हौ, मैंच फोटो निकाला था. क्या बोलूं अम्मा, बच्चे मूंगफली फेंक के मारते थे उसको, तो बी नई हिलता था. उस दिन वो औरत बस सामने खड़ी हुई, नाम ली, मराठी में कुछ बोली, पल्लू में मुँह छुपा ली, और पलट के चली गई. देखी बी नई कि ये हँसा. उसका झूला आज तक बाकी है. लेकिन उस दिन के बाद महाराजा का मन उखड़ गया. खड़ाच नई हो सका. महीने में नौकरी छोड़ के चला गया."

झालं! आगीत तेल! "बघा," धुरपताबाई म्हणाली, "तिच्यापायी नोकरी सोडली. माझ्यासाठी आले म्हनून मी उगं खूस होत होते." फोन भक्तीच्या हातात कोंबून ती आत गेली आणि पिशवी भरायला लागली. राजेश्री पूर्ण्याला दिली होती. लेकीकडं जायचं, आणि परत यायचं नाही. मुलगा परमेश्वर सेलूच्या जिनिंगमध्ये कामाला गेला होता, तो यायच्या आत निघायचं, म्हणजे कुणी अडवायला नको.

उंबऱ्यातून तिनं शेवटचं विचारलं, "म्हाताऱ्या बायकोला घराभाईर काढायचं हाय का त्या बाईसाठी? एक डाव खरं बोला. ती मेली असंल, जित्ती असंल, मला काई करायचं न्हाई. नुसतं सांगा, अन् मी पिशवी खाली ठेवते."

मुंजाजीचे ओठ हलले. खरंच हलले, भक्तीनं बघितलं. पण शब्द बाहेर आला नाही. धुरपताबाईनं चपला घातल्या.

बस यायला वेळ होता. जाता जाता कडूबाईला सांगावं, म्हणून ती तिच्या अंगणात टेकली आणि रडत रडत सगळं ओकली. भक्ती मागोमाग आलीच होती मोबाइल घेऊन. कडूबाईनं चष्मा लावला. फोटो बघितला. मग परत बघितला. मग अशी काही हसत सुटली की धुरपताबाईला वाटलं, हिलापण ठाऊक होतं आणि ही गावभर आपल्यावर हसत होती.

"हासायलीस काय, रांडे!"

"आगं येडे," कडूबाई डोळे पुसत म्हणाली, "ही तूच हाईस!"

"मी?"

"तू! ह्यो बांगड्याचा हात माझा हाय. तुला म्होरं ढकलायले बघ. ह्या बांगड्या मी सेलूतनं भरल्या होत्या सहलीसाठी, काचेच्या हिरव्या, अन् ही पिवळी मधी घातलेली बघ. अन् हे तुझं लुगडं, राजेश्रीच्या वक्ती मायनं घेतलेलं."

धुरपताबाईनं मोबाइल हातात घेतला. माणसाला स्वतःची पाठ कुठं ओळखू येते! ती पाठ तिनं आयुष्यात कधी बघितलीच नव्हती. कुणीतरी परकी, तरुण, सरळ पाठीची बाई तिथं उभी होती.

"पन ही नाव घेतली ना गं! मी कवा नाव घेतलंय?"

"घेतलंस की. तिथं. तू रडत होतीस, मला बघवंना. मी म्हनलं, तू नाव घेत न्हाईस म्हनून तर मालक हरवला तुझा. ह्ये दगडाचं बुजगावनं हाय, ह्याच्यापाशी घे. दगडापाशी घेतलेलं देव मोजत न्हाई. अन् तू घेतलंस."

आणि मग धुरपताबाईला आठवलं. दगडापाशी घेतलेलं, ते धरायचं नाही म्हणून मनानं ठेवलंच नव्हतं. ते आता एकदम वर आलं. कमान, चंदेरी तोंड, मागं बायकांचा गलका, आणि त्या दगडाच्या डोळ्यांत बघत आपण म्हणालो ते शब्द. ती विनोद करायला पुढं झालीच नव्हती. तिनं विचारलं होतं, "मुंजाजी, कुठं हाव ओ तुमी?"

कडूबाईचं हसू थांबलं. भक्तीनं तिच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला. धुरपताबाईनं पिशवी तिथंच अंगणात ठेवली आणि उन्हातनं घराकडं निघाली, मागं भक्ती. इतक्या वर्षांचा राग तिच्या पायांत होता, पण तो आता कुणावर काढायचा तेच तिला कळेना. जिला रोज शिव्या घातल्या ती बाई तर हीच होती.

मुंजाजी ओट्यावरच होता, हललेला नव्हता.

"ती मी हाय," धुरपताबाई म्हणाली.

"व्हय."

"तुमाला ठाव होतं. त्या दिवशीबी, अन् आजबी."

"व्हय."

"अन् तरी मला जाऊ द्यायलात? परक्या बाईचा आळ अंगावर घेऊन बसलात? कोनी करतंय का आसं?"

मुंजाजी बोलायला लागला. त्याला बोलायची सवय नव्हती, शब्द एकेक करून येत होते. "परकी बाई आसती तर तू शिव्या दिल्या आसत्या. दोन म्हैन्यानं परत आली आसतीस. पन त्या दिवशी तू एवढ्या लांबून आलीस. गेटावर माझी चौकशी झाली, ती मी ऐकली. म्होरं येऊन हुबी ऱ्हायलीस, 'कुठं हाव' म्हनलीस, अन् मी वितभर अंतरावर हुबा आसून तोंड उघडलं न्हाई. ह्ये कोन्या तोंडानं सांगू तुला?"

"कामून न्हाई उघडलं?"

"लाज वाटली. घरी म्हनायचो, गेटावर हाय. सायेब आसल्यावानी वाटत आसंल तुला. अन् तिथं तोंडाला रंग फासून हुबा. तू यायच्या आधी पोरं शेंगा फेकून मारायलती, त्याची फोलकटं फेट्यात अडकलेली. बायकायसमोर कसं म्हनू, ह्यो तुझा मालक हाय म्हनून? वाटलं, जाऊ दे, पोळ्याला घरी गेल्यावर सांगू. घरी आलो, तर तू पयलंच इच्यारलंस, कुठं होता. मंग न्हाईच सांगता आलं."

"अन् वर हासलात! मी रडायले, अन् तुमी हासायलात!"

मुंजाजीनं हात पुढं केला. भक्तीनं मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं फोटो बघितला, आणि मान हलवली.

"हासलो न्हाई मी."

"दात दिसायलेत की."

"रडताना बी दिसतेत."

धुरपताबाईनं मोबाइल ओढून घेतला. भक्तीनं शिकवलं होतं तसा दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. गालांवर चंदेरी रंगात दोन काळ्या रेघा होत्या, डोळ्यांपासून खोट्या मिशांपर्यंत गेलेल्या. एवढी माणसं हा फोटो बघून खूश झाली होती, खाली हसरी तोंडं टाकत होती, आणि त्या रेघा कुणालाच दिसल्या नव्हत्या. संशयानं सगळं जग चाळून काढणाऱ्या धुरपताबाईलाही नाही.

ती त्याच्याजवळ ओट्यावर बसली. शक घ्यायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि तिला भयंकर रडू आलं.

"येडे हाव तुमी," ती म्हणाली. "लय येडे हाव. एक शबूद बोलला आसतात तर मी तिथंच, त्या कमानीखाली, तुमच्या पायापाशी बसले आसते ओ. पोरं शेंगा फेकत होती तर फेकू दिल्या आसत्या. मी येचून पदरात घेतल्या आसत्या, अन् तुमची सुट्टी झाल्यावर दोघांनी मिळून खाल्ल्या आसत्या."